गंगाक्काची उभी म्हैस

गोल केक दिसला की गंगाक्काचं डोकं फिरायचं. कुणाच्या वाढदिवसाला गेली आणि टेबलावर पांढरा गोल केक, कडेने गुलाबी फुलं, मध्ये नाव असा प्रकार दिसला, की ती यजमानांच्या तोंडावर म्हणायची, "ह्यो तर भाकरीवानी झोपलाय ताटात. उठवा की ह्याला कुणीतरी!" केक उभाच राहिला पाहिजे, यावर ती कुणाशीही भांडायला तयार असे. अर्थात भांडायला तयार असणं ही तिची रोजचीच अवस्था होती.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला टेलिफोन खात्यातल्या बदलीमुळे मी नाशिकहून कोल्हापूरला आले आणि मंगळवार पेठेत तिच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. रस्त्याला लागून तिच्या सासऱ्यांचं पेंडीचं दुकान, मागे स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघराच्या दारातूनच वर जाणारा माझा जिना. म्हणजे कचेरीत जाता-येता मी रोज तिच्या भट्टीवरून जात होते. तिचं माहेर सीमेपलीकडे, कानडी मुलखात. पहिल्याच दिवशी तिने मला "तंगी" अशी हाक मारली आणि मी चपापले. भाडं थोडं कमी करा म्हटलं होतं, त्यावरचा टोमणा असावा असं मला वाटलं. तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण, हे दोन दिवसांनी कळलं. पुढे महिनाअखेरीला ती मुद्दाम जिन्याखाली उभी राहून मोठ्याने "तंगी!" म्हणायची आणि स्वतःच खो-खो हसायची.

उंच, हाडापेराने मजबूत बाई. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, पदर कमरेला खोचलेला आणि हात कोपरापर्यंत मैद्याने माखलेले. कोल्हापुरातल्या बायका "मी येतो, मी करतो" म्हणतात हे मी ऐकून होते, पण गंगाक्काच्या तोंडून ते "करतो" अशा दणक्यात यायचं की समोरच्याने मुकाट बाजूला व्हावं. एखादी गोष्ट जमणार नाही असं कुणी तिला सांगितलं, तर ती वाद घालत नसे. फक्त "मग?" म्हणायची आणि त्याच्याकडे बघत राहायची. शेवटी तोच माणूस म्हणायचा, बघा बाई, जमलं तर करा.

केकचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते एका अपमानातून. मी यायच्या आधीची गोष्ट, पण तिने ती इतक्या वेळा सांगितली की मी तिथे हजर होते असंच मला आता वाटतं. कुठल्याशा महिला मंडळात केक शिकवण्याचा वर्ग होता. शिकवणाऱ्या बाईंनी अंडी फोडायला घेतली तशी ही उठली आणि म्हणाली, आमच्यात चालत न्हाय, बिनअंड्याचा सांगा. बाई हसल्या. अंड्याशिवाय केक फुगत नाही, तुम्ही आपली शेंगापोळी करा, म्हणाल्या.

"तुमची अंडी तुमच्याजवळ ठेवा," गंगाक्का म्हणाली. "मी फुगवून दावतो."

तीन महिने ती रोज एक केक करत होती आणि रोज तो बसत होता. ते बसलेले केक तिच्या नवऱ्याने, शिवाप्पाने, दुकानाच्या गल्ल्यावर बसून निमूट खाल्ले. शिवाप्पाच्या अंगी हा मोठा गुण होता. बायकोने काहीही पुढे ठेवलं की खायचं आणि काहीही विचारलं की "हूं" म्हणायचं. शेवटी दही, खायचा सोडा आणि आटवून आटवून रबडीसारखं घट्ट केलेलं म्हशीचं दूध, या तिघांच्या जोरावर तिचा केक उठला. दूधही कुठलंही चालत नसे. रामूआबा गवळ्याच्या कस्तुरीचंच लागे. रामूआबा म्हणजे त्यांच्या दुकानाचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. संध्याकाळी ते कस्तुरीला घेऊन कोपऱ्यावर उभे राहायचे आणि माणसं रांगेत पेला धरून तिथल्या तिथे धारोष्ण दूध प्यायची. दुसऱ्या म्हशीच्या दुधाने केक फुगत नाही, असं गंगाक्का शपथेवर सांगायची. मला त्यात काही तथ्य वाटत नाही, पण तिच्यासमोर तसं बोलायची माझी छाती नव्हती.

मग तिने उद्यमनगरातल्या एका कारागिराकडून पत्र्याचा चौकोनी ओव्हन करवून घेतला. चांगला कपाटाएवढा. पेटवण्याआधी ती ओव्हनच्या कपाळालाही विभूती लावायची. घरात त्याला फक्त एकाच माणसाचा विरोध होता, आणि घर त्याच माणसाचं होतं. तिच्या सासऱ्यांना सारी पेठ आप्पा म्हणायची, ती मामा म्हणायची. पहाटे पूजा आटोपून आप्पा दुकानाच्या दारात काठी घेऊन बसत. ओव्हन हा शब्द त्यांनी जन्मात उच्चारला नाही. ते त्याला "पेटी" म्हणत. पेटी स्वयंपाकघरात आली तेव्हा तात्पुरती म्हणून चार विटांवर ठेवली होती. गंगाक्का म्हणाली, सुताराला सांगून खाली लाकडी पायांचा घोडा करून घेऊ. आप्पा म्हणाले, "कायमचं कशाला करायचं? उचलायचीच हाय की."

ती पेटी वर्षानुवर्षं विटांवरच राहिली. एवढी उंच बाई, दर पाच मिनिटांनी कंबरेत मोडून त्या पेटीत डोकवायची. वाकणं हा प्रकार तिला शोभत नसे आणि मानवतही नसे. विटा बघितल्या की मला आप्पांचा राग यायचा, पण घर त्यांचं आणि मी भाडेकरू.

आप्पांचा राग केकवर नव्हता, अंड्यांवर होता. मठात कुणीतरी त्यांना विचारलं होतं, तुमच्या घरात म्हणे अंडी फुटतात? म्हातारा त्या दिवशी जेवला नाही. गंगाक्काने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ज्या दिवशी केक असेल त्या दिवशी तिच्या कचऱ्याची बादली रस्त्यावर, दुकानाच्या पायरीवर. झाकण काढलेलं. येणारा-जाणारा थबकला की आतून आवाज यायचा, "बघा की पावणं, हात घालून बघा. टरफल घावलं तर मला हाक मारा!" लोक आधी लाजायचे, मग खरंच डोकवायचे. वेलदोड्याची सालं, दळलेल्या साखरेची पुडकी, चहाचा चोथा. बादली जवळजवळ वर्षभर पायरीवर येत होती. मठातले ते गृहस्थही एकदा बघून गेले, असं शिवाप्पाने मला हळूच सांगितलं. एवढं मोठं वाक्य मी त्याच्या तोंडून तेव्हाच ऐकलं.

तर केक शुद्ध ठरला आणि गंगाक्काकडे कामं येऊ लागली. देवासमोर कापायचा केक, शनिवारचा केक, मांसमच्छी-अंडं न चालणाऱ्या घरातला केक, सगळे तिच्याकडे. प्रत्येकाला ती उभा करून द्यायची. कुणाला दीपमाळ, कुणाला उसाची मोळी, एका शिंप्याला चक्क शिलाई मशीन. आणि मग आली गदा.

पेठेतल्या तालमीतल्या एका पोराने कुठल्याशा मैदानात मानाची गदा मारली होती. तालमीत मारुतीसमोर सत्कार, म्हणून केक बिनअंड्याचा. गंगाक्काने भोपळ्याएवढी गदा केली, वर चांदीचा वर्ख, खाली भाजलेल्या बिस्किटाचा लांब दांडा. सगळी तालीम टाळ्या पिटायला लागली. एवढ्यात फोटो काढणारा म्हणाला, "पैलवान, खांद्यावर घ्या की!"

आणि पैलवानाने घेतली. या गावात गदा समोर आली की ती खांद्यावर जाते, विचार करायला मध्ये जागाच नसते. दांडा त्याच्या हातात आला. गदेचा गोळा घरंगळत वस्तादांच्या मांडीवर गेला. वर्ख त्यांच्या मिशीला लागला आणि फोटो नेमका तेव्हाच निघाला.

मोडकी गदा परातीतून घरी परत आली आणि पुढचा महिनाभर पेंड न्यायला येणारा प्रत्येक जण आप्पांना विचारायचा, "आप्पा, गदा कुणी मारली शेवटी?" आप्पा काठी आपटायचे. गंगाक्का मात्र रडली नाही की पैलवानाला शिव्याही दिल्या नाहीत. मला म्हणाली, "चूक त्याची न्हाय, तंगी. गदा उचलायचीच असती. लोकं एखाद्या वस्तूचं जे करत्यात, ते केकचं पन करनार. मी इचारच केला न्हाय त्याचा." एवढं बोलून तिने ओव्हनमध्ये डोकं घातलं.

त्या संध्याकाळी आप्पा पहिल्यांदा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आले. मी जिन्यावर होते, मला वर जाता येईना आणि खाली येता येईना. ते म्हणाले, "गंगे, एक सांगतो. आता आनी एकदा कर. पन ह्या खेपेला त्यातला एक तुकडा जरी परत माझ्या घरात आला, तर ती पेटी घराभायेर. मी हातानं वडून काढनार."

"आनि न्हाय आला तर?" तिने विचारलं.

आप्पा काठी टेकत निघून गेले. जिंकण्याची बाजू त्यांनी तिच्यासाठी ठेवलीच नव्हती. ओव्हन गेला असता तर गंगाक्काकडे काय उरलं असतं, याचा विचार मला तेव्हाही सहन झाला नाही. तिला मूलबाळ नव्हतं आणि त्याबद्दल ती कधी चकार शब्द बोलत नसे. लोक तिला दारावर हाक मारत ते फक्त त्या पेटीमुळे.

आणि अशा वेळी, जेव्हा कुणीही शहाणा माणूस मुकाट एक चौकोनी केक करून मोकळा झाला असता, रामूआबांचा मुलगा संजय आला. आबांची साठी होती. गोठ्यासमोर मांडव घालून सगळ्या गल्लीला बोलवायचं होतं. संजयला आबांना कळू न देता मोठा केक करायचा होता. कसला करायचा, म्हणून त्याने विचारलं.

"कस्तुरी," गंगाक्का म्हणाली.

मी तिला जिन्यावरून समजावलं. म्हटलं, करायचीच तर बसलेली करा ना म्हैस. रवंथ करत बसलेली. पायांची भानगड नाही, पडायची भीती नाही. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी एक पायरी वर सरकले.

"बसल्याली म्हस दूध देती व्हय? आबाची म्हस हाय ती. उभीच पायजे."

मग सुरू झालं म्हशीचं माप घेणं. तीन दिवस सकाळी ती शिंप्याची टेप घेऊन गोठ्यात गेली. आबांनी विचारलं, "गंगाक्का, काय करालीस?" तर म्हणाली, "पेंड किती लागती ते बघतो, अंगावरनं कळतं." आबा म्हणाले, "मला वाटलं पोलकं शिवालीस तिला." तिने शिंगांची लांबी घेतली, डावं शिंग जरा खाली झुकलेलं होतं ते टिपून घेतलं, शेपटीच्या गोंड्यातले पांढरे केस मोजले. आचळांचं मापही घेतलं. त्यावरून संजयच्या बायकोने तोंड लपवलं, मांडवात पाव्हणेमंडळी असतील, ते तेवढं नको, म्हणाली. "दुधाच्या म्हशीला आचळंच नकोत?" गंगाक्का कडाडली. "मग बैल करतो आनि नाव कस्तुरी लिवतो!" आचळं राहिली.

पायांचं काय, हा प्रश्न मात्र खरा होता. केकचे पाय केकचं वजन पेलत नाहीत. लाकडाचे घालावेत तर खाता येत नाहीत, आणि तिला एक तुकडाही मागे उरायला नको होता. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी दारावरून बिद्रीच्या साखर कारखान्याकडे निघालेली उसाची गाडी गेली आणि गंगाक्का तिच्यामागे धावत सुटली. परत आली ती मनगटाएवढे जाड चार ऊस घेऊन. सोलून, पुसून, रस गळू नये म्हणून तुपाचा हात देऊन, वर वितळलेलं चॉकलेट थापून तिने ते पाटाच्या भोकांत रोवले. "पाय तयार," म्हणाली. "खाऊन बघ पायजे तर."

त्या चार पायांवर पातळ फळी, फळीवर केकचे आठ थर. तासून तासून पोट निघालं, मागचा उंचवटा निघाला, गळ्याखालची पोळी निघाली. कातडीसाठी दूधपावडर, साखर आणि तूप मळून कणीक. तिचा रंग जमेना म्हणून दोन पराती भरून कणीक फेकली. "म्हस काळी नसती, तंगी. नीट बघत न्हाईत लोकं." शिंगं शंकरपाळ्याच्या पिठाची, वाकवून भाजलेली. आतल्या केकमध्ये तिने जायफळ आणि वेलदोडा घातला, कारण दूध कस्तुरीचं आणि मान तिचा. दिवाळीच्या पाडव्याला म्हशींच्या पाठीवर घालतात तशी नक्षीची झूल साखरेची केली. ती उन्हाने ओघळेल म्हणून वेगळी सुपात ठेवली, मांडवात पोचल्यावर घालायची. हे सगळं मी बघत होते. ती वाकून वाकून पेटीत डोकवत होती आणि उठताना दरवेळी गुडघ्यावर हात ठेवत होती. तेव्हा ते फारसं माझ्या लक्षात आलं नाही.

दुकानाच्या हातगाडीवर, जिच्यावर एरवी सरकीची पोती जायची, म्हैस निघाली. शिवाप्पा गाडी ओढत होता, गंगाक्का पोटाखाली हात धरून चालत होती, मी सूप घेऊन मागे. वाटेत कुणीतरी ओरडलं, "गंगाक्का, म्हस इकली व्हय?" "वाढदिवसाला चाललीया!" कोपऱ्यावर खऱ्या म्हशींचा तांडा आडवा आला, त्यातली एक थांबून बराच वेळ हुंगत राहिली. तिला हुसकावताना शिवाप्पा जेवढं बोलला तेवढं एरवी महिन्यात बोलत नसे.

मांडवात झूल चढवली आणि वरचं पांघरूण काढलं. आबा खुर्चीतून उठले. जवळ आले. डाव्या शिंगाकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला रडू आलं.

"ही कस्तुरी हाय," ते म्हणाले. "माझी कस्तुरी."

लोकांनी शिट्ट्या मारल्या. सगळं इतकं चांगलं चाललं होतं. आणि तेवढ्यात माईकवाल्याने, उत्साहाच्या भरात, माईक तोंडाशी धरून जाहीर केलं, "आता आपले लाडके रामूआबा कस्तुरी कापनार! जोरदार टाळ्या!"

टाळ्या अर्ध्यावर थांबल्या. संजयने पुढे केलेली लाल फीत बांधलेली सुरी आबांनी पाहिली आणि दोन पावलं मागे सरले.

"मला न्हाय जमायचं," ते म्हणाले. "हिच्या दुधावर माझी पोरं वाढली. आनि हिच्या अंगावर सुरी चालवू?"

"आबा, केक हाय त्यो," संजय म्हणाला.

"मग तू काप."

संजयनेही सुरी खाली ठेवली. मग ती या हातातून त्या हातात फिरायला लागली. प्रत्येक जण म्हशीकडे बघायचा, झुकलेल्या शिंगाकडे बघायचा आणि सुरी पुढे सरकवायचा. कशीतरी ओबडधोबड म्हैस असती तर त्यांनी पाच मिनिटांत उडवली असती. गंगाक्काने ती कस्तुरीच केली होती, हाच तिचा गुन्हा. गदेच्या वेळी केलेली चूक तिने पुन्हा केली होती, फक्त या वेळी फार सुंदर केली होती. गवळ्याच्या मांडवात म्हशीपुढे सुरी! मला माझीच लाज वाटली. आठ दिवस तिच्याबरोबर होते, माझ्याही डोक्यात आलं नाही.

पहिल्या ओळीत काठीवर दोन्ही हात ठेवून आप्पा बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "गंगे, गाडी भायेरच हाय." म्हणजे, चढव आणि परत ने. आणि परत नेली की काय होणार, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

मी गंगाक्काकडे पाहिलं. घामाने तिच्या कपाळावरची विभूती ओघळत होती. क्षणभर, अगदी क्षणभर, ती हरली असं मला वाटलं. मग तिने मान वर केली. ज्याच्या हातात सुरी होती त्याच्याकडून ती ओढून घेतली आणि शेजारच्या पाण्याच्या पिंपात टाकून दिली. धप्पकन आवाज झाला.

"मामा, गाडी मोकळीच जानार," ती म्हणाली, आणि मग मांडवाकडे वळली. "सुरी कुनी आनली हितं? म्हस कुनी कापतंय व्हय? ही व्यालीया! आबांची म्हस व्याली की काय करत्यात, माहीत न्हाय तुमास्नी? खरवस वाटत्यात का न्हाय घरोघर? तो घरात ठेवत्यात का परत न्हेत्यात?"

 माईकवाला तेवढा "न्हाय" म्हणाला, तेही माईकमध्ये.

तिने दोन्ही हातांनी साखरेची झूल उचलून बाजूला ठेवली. खाली कातडी न चढवलेला पिवळट, जायफळाच्या वासाचा केक. "आबा, पळी घ्या. खरवस मालकानंच घालायचा असतोय. पयला मान तुमचा."

आबांनी पळी घेतली, पण हात पुढे जाईना. "तिला काय व्हनार न्हाय न्हवं?" त्यांनी हळूच विचारलं.

"व्याल्यावर हलकी व्हती म्हस," गंगाक्का म्हणाली. "घाला."

आबांनी पळी भरली. वास घेतला. खरवसाचाच वास होता तो, तिच्याच दुधाचा. आणि मग जशी रोज संध्याकाळी कोपऱ्यावर लागायची तशी रांग लागली. कुणी वाटी आणली, कुणी ताटली, बायका घरून डबे घेऊन आल्या, कारण खरवस म्हटल्यावर आलेल्याने तर खायचाच, पण न आलेल्याच्या घरीही पोचवायचा असतो. आबा वाढत होते, प्रत्येकाला "कस्तुरीचा हाय" असं सांगत होते. पाठीतून पोट रिकामं होत गेलं तरी म्हैस उभीच. शेवटी फळी लागली. मग आबांनी शेपूट, आचळं, सगळं वाटलं. तालमीतली पोरं उसाचे पाय उपटून, चॉकलेट चाटून, कडाकडा दाताने सोलत बसली. त्यांत तो गदेवाला पैलवानही होता.

डोकं तेवढं राहिलं. ते आबा कुणाला देईनात. दोन्ही हातांत धरून ते गोठ्यात गेले आणि खऱ्या कस्तुरीपुढे धरलं. तिने हुंगलं, झुकलेलं डावं शिंग एकदा चाटलं आणि दोन मिनिटांत स्वतःचं डोकं खाऊन टाकलं. सगळी गल्ली गोठ्याच्या दारात दाटून हसत होती. गंगाक्का हसली नाही. ती आप्पांकडे बघत होती.

आप्पा उठले. काठी टेकत पाटापर्यंत गेले. पाट उलटा करून बघितला, फळी उलटी करून बघितली. मग घरी निघून गेले. खाल्लं मात्र त्यांनी काही नाही. त्यांनी तिचा केक शेवटपर्यंत कधी खाल्ला नाही, हेही सांगून ठेवते. हट्ट त्या घरात एकटीचाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिना उतरत होते तर स्वयंपाकघरात सुतार. तो पेटीचं माप घेत होता. आप्पा उंबऱ्याच्या बाहेर उभे.

"तिला पाय करायचं," आप्पा सुताराला सांगत होते. "उंच कर. हिला वाकाय लागू ने एवढं."

गंगाक्का चुलीपाशी पाठमोरी उभी होती. ती वळलीसुद्धा नाही. आप्पांनाही ते बरंच वाटलं असावं. जाता जाता ते म्हणाले, "विटा मला पायजेत. पेंडीची पोती वलीला लागालीत."

त्या चार विटा दुकानात पोत्यांखाली गेल्या. मी त्या नंतर कितीदा तरी बघितल्या, आणि बघितल्या की मला छान वाटायचं.

नव्वदचं दशक सरता सरता माझी बदली झाली. पत्रं लिहायचा गंगाक्काला कंटाळा, फोनवर ती एवढ्या मोठ्याने बोलायची की फोन कशाला, असं वाटे. पुन्हा कोल्हापूरला जाणं झालं ते सात-आठ वर्षांनी, एका मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नाला. गावात जागोजागी केकची काचेची दुकानं निघाली होती. आत गारव्यात गोल गोल केक ओळीने झोपलेले, काहींवर तर चक्क माणसांचे फोटो छापलेले. प्रत्येकावर हिरवा ठिपका, बिनअंड्याचा. मला वाटलं, संपलं असेल तिचं.

दुकानात शिवाप्पा होता. आप्पा गेल्याला तीन वर्षं झाली होती. "आत आहेत का?" विचारलं तर म्हणाला, "हूं."

ती ओव्हनपाशी होती. पेटी सुताराने केलेल्या उंच घोड्यावर होती, कपाळाला विभूती. गंगाक्काचे केस पिकले होते आणि डावा गुडघा पट्टीने घट्ट बांधलेला. "गुडघं गेलं, तंगी," ती म्हणाली, जणू कुणीतरी शेजारीण गेली. डॉक्टरांनी उभं राहून काम करायला साफ बंदी केली होती. बसून करा नाहीतर बंद करा, असं सांगितलं होतं. संजयने त्यासाठी उंच स्टूल आणून दिलं होतं. ते स्टूल शेजारीच होतं आणि त्यावर साखरेच्या कणकेची परात बसली होती.

टेबलावर एक वीतभर मुलगी उभी होती. फ्रॉकचा घेर उडालेला, वेण्या हवेत, एक पाय मागे दुमडलेला. पेठेतल्या शाळेतली कुणी पोर लंगडीच्या संघात निवडली गेली होती, तिच्यासाठी. सगळा भार एका उसाच्या कांडीवर.

"पडेल की हो अक्का," मी म्हटलं.

"मग?"

 मी आयुष्यभर म्हशी बसलेल्याच केल्या. नोकरीत, घरात, सगळीकडे पायांची भानगड टाळत आले. तिच्यासमोर ते फार जाणवलं आणि रागही आला, तिचा नव्हे. मी म्हटलं, "निदान तुम्ही तरी बसा. डॉक्टरांनी सांगितलंय ना."

"चार पायांचं जमलं," ती म्हणाली, माझं वाक्य हवेत सोडून. "दोन पायांचं जमलं. आता एकावर करून बघतो. पेटीला पाय मामांनी मी बसावं म्हनून केल्यात व्हय?"

गाडीची वेळ झाली तशी मी निघाले. गल्लीच्या तोंडाशी आले आणि मागे वळून पाहिलं. दुकानाचं दार, त्यामागे स्वयंपाकघराचं दार, दोन्ही सताड उघडी, त्यामुळे आतपर्यंत दिसत होतं. एक हात पेटीच्या कडेला, दुखरा पाय जमिनीपासून जरासा उचललेला, दुसऱ्या हातात पळी. तिने ती पळी वर करून मला निरोप दिला आणि ओव्हनचं दार उघडलं. न वाकता.